अर्धं खरडलेलं लेबल

सुमन अन् मी मिळून शेवटचं काम केलं ते डबीवरचं लेबल खरडायचं. शनिवारची सकाळ, नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरामागची मोरी. तिनं गोळ्यांची नवी डबी पाण्यात भिजवली, नखानं कागद सोलला; मी चमच्यानं डिंक काढत होतो. एचआयव्हीच्या गोळ्या आम्ही दोघंही कित्येक वर्षं खात आलो. कोणाकडून कोणाले, हे आम्ही कधी काढलं नाही. पण प्रत्येक डबी अशीच धुतली. रिकाम्या डब्यांत तिनं मोहरी, जिरं, मेथी भरली. शेजारीण म्हणे, "कुठून आणतं वं सुमन एवढ्या डब्या?" ही म्हणे, "बुढ्याचं टॉनिक हाय. पिऊन पिऊन पाहा कसा वाळला!" दोघी हसत. मी आत बसून घाम पुसायचो.

भीती मी बुटीबोरीच्या कापड कारखान्यातून घरी आणली. तिथं एकाचं कळलं, तर लोकांनी त्याचा गिलास वेगळा टांगला. तो गिलास मला अजून दिसतो... म्हणून गोळ्या शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सरकारी केंद्रातून आणायच्या, अन् घराजवळच्या इस्पितळात तोंड उघडायचं नाही. तिथल्या डॉक्टरनं सुमनच्या गुडघ्यांसाठी कॅल्शियम दिलं. दुसरं काही चालू आहे का, विचारलं. आम्ही नाही म्हटलं. ती दोन्ही गोळ्या एकाच घोटात घ्यायची. पुढच्या तपासणीत तिच्या रक्तातला विषाणू वाढलेला निघाला. केंद्रातल्या मॅडमनं कपाळाला हात लावला. कॅल्शियमनं आमच्या गोळीचा जोर मोडतो म्हणे. दोन्हीत अंतर लागतं.

पुढं मॅडमनं सांगितलं, आता तुम्ही हो म्हटलं तर तुमची नोंद जवळच्या इस्पितळातल्या डॉक्टरालाही कॉम्प्युटरवर दिसेल. सुमन लगेच हो म्हणाली. मी नाही. तिथला कंपाउंडर आमच्याच गल्लीतला. घरी येताना ऑटोत ती म्हणाली, "मी हाय तोवर तुमचं मी सांगन. मी गेल्यावर तुम्ही बेशुद्ध पडले, तं कोण सांगन? भिंत?"

"काही पडत नाही मी."

"मोठे आले पहेलवान!"

त्या शनिवारी लेबल अर्धं निघालं अन् तिचा हात थांबला. "छातीत जळून राहिलं," म्हणाली. शेजारणीनं ऑटो आणला. इस्पितळात तरुण डॉक्टर कॉम्प्युटरच्या पडद्याकडं पाहत होता, शेजारीण अगदी मागं उभी. आता हा मोठ्यानं विचारणार... त्यानं शेजारणीला बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं. हळूच म्हणाला, "काका, यांच्या गोळ्या सुरू आहेत, दिसून राहिलं मला. त्या सांभाळूनच औषध देतो." बस, एवढंच. गिलास वेगळा टांगायची भाषा नाही.

केलं त्यानं सगळं. संध्याकाळी तिचं हृदय थांबलं. नोंदीनं ती वाचली नाही. उगाच खोटं लिहीत नाही.

रविवारी माती दिली. घर पाहुण्यांनी भरलं होतं अन् मला भीती वाटत होती ती वेगळीच. आता माझं कोण सांगेल? मी कुठं पडलो, तर माझ्या गोळ्यांचं जाणणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घातल्या. मोठा भाऊ म्हणाला, "काल माती दिली अन् आज कुठं निघाला गा?" केंद्रात जाताना आम्ही नेहमी बँक सांगायचो. मी म्हटलं, "दवाखान्यात. मायी गोळी असते रोजची." त्यानं पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर काय बोललो असतो, ठाऊक नाही. केंद्रात मॅडमसमोर बसलो. म्हटलं, "मायीही नोंद दाखवा त्या डॉक्टराले."

घरी येऊन ती अर्धी खरडलेली डबी मोरीवरून उचलली. पुढं खरडली नाही. मोहरीच्या डबीशेजारी ठेवली... लेबल भिंतीकडं करून.