आईच्या पाठीचा दुसरा फोटो

“फोटोत काही नाही.”
माझी आई या एका वाक्यानं मेली.

आज तिची तिथी. मी नव्वदीची झाले, आता कोणाच्या बापाला भिऊ? घरातल्यांना पोस्ट टोचली तर टोचू द्या. डिलीट करणार नाही.

गोष्ट इंग्रजांच्या काळातली. आमचं घर नागपूरजवळ कुहीकडलं, धानाची शेती. रोवणीच्या, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत आई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चिखलात वाकलेली. आधी पाठ धरली, मग दुखणं पायात उतरलं.

शेवटी आबाजी, म्हणजे माझे आजोबा, तिला नागपूरच्या दवाखान्यात घेऊन आले. सोबत बाबा आणि मी. एक्स-रेला तेव्हा सगळे हाडाचा फोटो म्हणायचे.

आईला टेबलावर झोपवून, वरून चादर टाकून फोटो काढला.
डॉक्टर म्हणाले, “हाड तर जागेवर दिसतंय.”

सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे. आईनं पदराआडून माझा हात ओढला. “सांग वं त्याइले, झोपली का दुखत नाही. वाकली का जीव जाते.”

मी सांगितलं. मोठ्यानं.

डॉक्टर थबकले. “बरोबर बोलते ती. सरकलेला मणका निजल्यावर परत जागेवर बसू शकतो. तिला उभी करून, पुढे वाकवून अजून एक फोटो घेऊ.”

आबाजी उठलेच. “आमची सून परक्या माणसासमोर वाकून उभी नाही राहणार.”

वा रे वा! धानाच्या बांधीत गड्यांसमोर दिवसभर वाकलेली चालत होती.

आणि बाबा? भिंतीकडे पाहत बसले. तेवढंच जमायचं त्यांना.

घरी पोचल्यावर आबाजींनी अंगणातूनच जाहीर केलं, “फोटोत काही नाही.”

“म्हंजे ढोंग करून राहिली होती वं!” काकू म्हणाली.

मी ओरडले, “डॉक्टर तं उभ्यानं काढा म्हणे!”
आबाजींनी अशी कानाखाली वाजवली की तो कान अजून वाजतो.

पुढच्या रोवणीत आई पुन्हा बांधीत उतरली. वाकली, ती उठलीच नाही.

पाय गेले. लघवीचं भान गेलं. खाटेवर पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या मी कोमट पाण्यानं पुसायची. वास काही जायचा नाही.
“मले एकदा उभी करून पाहा वं,” म्हणायची.
होळीच्या आधी गेली.

मागच्या आठवड्यात माझी कंबर धरली. नागपूरला धंतोलीत एक्स-रेला गेले. तिथली पोरगी म्हणाली, “आजी, एक उभ्यानं घेऊ आणि एक वाकून. हळू वाका, मी धरते.”

एवढंच होतं ते. दोन मिनिटांचं काम.

मी वाकले आणि रडायलाच लागले.
“आजी, खूप दुखून राहिलं का?”
“हो,” म्हटलं. “खूप.”

आई, तुझं खरंच दुखत होतं वं.
आपल्या घरात कोणी म्हटलं नाही, म्हणून आज इथं चारचौघांत म्हणते.
तुझ्या पोरीचा नमस्कार घे.