पातळ तारेची जोडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल. परवा चष्मा कुठं ठेवला ते मला काही केल्या आठवेना — तेव्हा असा घाम फुटला की कादरचाचा डोळ्यांसमोर उभे राहिले. मग म्हटलं, आता लिहायचंच.

कादरचाचा माझे उस्ताद. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं — पत्र्याचं छप्पर, मागं कडुनिंब, गाडीखाली शिरायला एक खड्डा आणि आम्ही दोघं. मी विणकराच्या घरातला. वडील, काका, सगळे मागावर. मला मात्र मागाचा खडखडाट सोसत नव्हता, म्हणून घरी भांडून मी चाचांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘हात काले हुए तो अम्मा रोती क्या रे?’’ मी म्हटलं, रडेल. ते म्हणाले, ‘‘तो साबुन मैं देता.’’ आणि खरंच, पहिली सात वर्षं माझा साबण त्यांनीच आणला.

त्यांना मूलबाळ नव्हतं. डब्यातली भाजी अर्धी माझ्या झाकणात पडायची, न विचारता. हे का सांगतोय? — कारण ज्या माणसाशी मी असं वागलो तो कसा होता, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. दुधनीच्या एका डाळव्यापाऱ्याचा मुलगा मल्लिनाथ, माझ्याच वयाचा, सोलापुरातलं त्यांचं दुकान बघायचा. त्यानं हैदराबादहून कुणा जुन्या घराण्याची दोन दारांची विलायती गाडी आणली. निळी, लांब नाकाची, मागं छप्पर उतरत गेलेलं. अख्ख्या सोलापुरात तशी दुसरी नव्हती. पण तिच्या पुढच्या मूळच्या स्प्रिंगा थकल्या म्हणून आधीच्या कुणीतरी भलत्याच गाडीच्या उंच स्प्रिंगा घालून ठेवल्या होत्या. त्यामुळं गाडी नाक वर करून चालल्यासारखी दिसायची.

मल्लूला ती खाली हवी होती. ‘‘चाचा, जमिनीला चिकटल्यागत दिसली पायजे की,’’ तो म्हणायचा. ‘‘लई देखणी दिसंल.’’

चाचांनी पुण्याहून दोन जोड्या बनवून मागवल्या. एक जाड तारेची, एक पातळ तारेची. दोन्ही आधीच्यापेक्षा आखूड. मग मल्लूच्या दुकानातून तुरीची पोती आणून गाडीत माणसांच्या जागी ठेवली आणि आळीपाळीनं दोन्ही जोड्या लावून पाहिल्या. चाचांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. ते चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घालून मोजायचे. जाड जोडीनं गाडी दोन बोटं खाली आली. पातळ जोडीनं चार.

चार बोटांनी — काय दिसली ती गाडी! माझ्या घरात चादरीचा काठ एक धागा सरकला तरी वडिलांना ते खुपायचं. तसली नजर माझ्यातही होती. चाकावरची ती फट नाहीशी झाली आणि नाकापासून शेपटीपर्यंत एक रेघ सरळ वाहत गेली. मल्लूच्या तोंडून ‘‘आहाहा’’ निघालं.

चाचा मात्र बॉनेटवर दोन्ही हात टेकून दाबत राहिले. एकदा, दोनदा, तीनदा. मग मान हलवली. पातळ जोडी खड्ड्यात पार बसेल, खालचा भाग दगडाला लागेल, म्हणाले. मल्लूचं तोंड उतरलं.

शुक्रवारी दुपारी चाचा नमाजला निघाले. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘मोटी वाली जोडी डाल, नरसू. मोटी वाली.’’ मल्लू संध्याकाळच्या आत गाडी न्यायला येणार होता.

मी पातळ जोडी घातली.

एवढंच? — हो, एवढंच. हातानं केलेलं काम तेवढंच. का केलं? मल्लूनं पुन्हा ‘‘आहाहा’’ म्हणावं म्हणून. ती रेघ मला पाहिजे होती म्हणून. आणि कुठंतरी आत असंही होतं की चाचांना आता दिसत नाही, देखणेपण त्यांना काय कळणार? हे शब्द मी तेव्हा मनातसुद्धा नीट उच्चारले नव्हते. आज लिहितोय.

चाचा परतायच्या आत मल्लू आला. गाडी बघून त्यानं मला मिठीच मारली. त्याला वाटलं, चाचांनीच त्याचा हट्ट पुरवला. मी ‘‘सावकाश ने’’ एवढंही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्या बायकोला घेऊन दुधनीला निघाला, वडिलांना गाडी दाखवायला. मैंदर्गीच्या अलीकडं रस्ता एका ओढ्यात उतरतो. तिथं गाडीचं नाक दणकन दगडावर आपटलं, स्टिअरिंग अडकलं आणि गाडी सरळ बाभळीवर गेली. बायकोचं खरचटण्यावर निभावलं. मल्लूचा उजवा गुडघा फुटला. पुढं तो आयुष्यभर लंगडत चालला.

गाडी ट्रकमधून आमच्याकडेच आणली. मागोमाग मल्लूचे वडील आले. शेजारचे दोन-चार दुकानदारही गोळा झाले. शेठ ओरडले नाहीत. ‘‘ह्या स्प्रिंगा कुनी ठरवल्या?’’ एवढंच त्यांनी विचारलं.

चाचा गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी चाकामागं हात घातला, तार चाचपली, आणि हात तिथंच थांबला.

‘‘ये तो पतली है,’’ ते म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून, अगदी हळू — ‘‘नरसू, मैं मोटी बोल्या था ना?’’

त्या आवाजात आरोप नव्हता. खरंच विचारत होते. मी खरं काय ते सांगेन, असा भरवसा होता त्यात. आणि मी? माझ्या तोंडून इतक्या सहज आलं, जणू तयारच होतं —

‘‘नै चाचा. पतलीच बोले तुम. हाथ में लेके दिखाए ना.’’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग कपाळावर हात मारून शेठना म्हणाले, ‘‘मेरी गलती है सेठ. उमर हो गई.’’ आणि शेठनी — हे मला आजही सोसत नाही — त्यांना हात देऊन उठवलं. ‘‘ऱ्हाऊ द्या चाचा, हुतंय असं,’’ म्हणाले.

ओरडा झाला असता, मारहाण झाली असती, तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

त्यानंतर चाचांनी कुठल्याच गाडीचा निर्णय एकट्यानं घेतला नाही. साधा नट आवळायचा तरी विचारायचे, ‘‘मैं ये कसा क्या रे? देख जरा.’’ बघावं तर नट पक्का आवळलेला असायचा. दर वेळी. मग मी सांगायचो, आवळलाय चाचा. त्यांना केवढं हायसं वाटायचं. वर मला दुवा द्यायचे.

हळूहळू ते घरातही शिरलं. चाची एकदा मला म्हणाल्या, हे आता चहात साखर घातली का ते दोनदा विचारतात, नमाज पढून झाली तरी पढलो का म्हणून विचारतात. त्या पदरानं डोळे पुसत होत्या आणि मी त्यांच्याच घरची शेवयांची खीर खात होतो. वाटी खाली ठेवली नाही मी.

वर्षभरात चाचांनी गॅरेज माझ्या हाती सोपवलं. गिऱ्हाइकांना स्वतः सांगायचे, ‘‘मेरे से भूल होती, ये नै भूलता.’’ माझं नाव झालं. मल्लूसुद्धा माझ्याकडेच यायचा, लंगडत. चाचांबद्दल वाईट शब्द कधी बोलला नाही. ‘‘मीच हट्ट केला व्हता की,’’ म्हणायचा. त्यालाही मी काही सांगितलं नाही.

तुम्हाला वाटेल, एका घाबरलेल्या क्षणी तोंडून गेलं, मग परत घेता आलं नाही. तसं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण मला दुसरी संधी मिळाली होती.

तीन-चार वर्षांनी चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला. एका दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा ते अंगणात बाजेवर बसले होते. चाची शेजारी गेल्या होत्या. आम्ही दोघंच. ते माझ्या हातांकडे बघत होते — आता त्यांना दिसत होतं — आणि म्हणाले, नखं काळी ठेवू नकोस, साबण लाव. मी हसलो. मग ते थोडे पुढं सरकले.

‘‘नरसू, एक बात पूछूं? गुस्सा नक्को होऊ. उस दिन मैं सच्ची पतली बोल्या था क्या?’’

तिथं शेठ नव्हते. दुकानदार नव्हते. मला कुणाचीच भीती नव्हती. गॅरेज माझंच झालं होतं. ते मला रागावले नसते — मला ठाऊक आहे, रागावले नसते. बहुतेक हसले असते. कदाचित रडले असते, आनंदानं.

‘‘हौ चाचा,’’ मी म्हणालो. ‘‘पतलीच बोले तुम.’’

त्यांनी मान डोलावली. ‘‘अच्छा. ठीक है,’’ म्हणाले, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मीच त्यांना कसलीतरी वाईट बातमी दिली होती आणि आता मलाच वाईट वाटू नये, म्हणून फिरवावा तसा.

ते त्या हिवाळ्यात गेले. शेवटच्या दिवसांत चाचींना सांगत होते म्हणे, माझं सगळं नरसूला विचारा, त्याला आठवतं.

मला आठवतं. त्या शुक्रवारी त्यांनी जाड जोडी सांगितली होती. स्पष्ट, दोनदा, माझ्याकडे वळून. त्यांची आठवण अगदी बरोबर होती.