सातपुड्यातल्या चर्चचा नकाशा

निवृत्त झाल्यावर मी नंदुरबारजवळ कोरीटला, शेतातल्या घरी राहायला आलो. बांधकाम खात्यात आरेखक होतो. आयुष्यभर शाळाखोल्या, मोऱ्या, विश्रामगृहं आणि धडगावच्या घाटातल्या संरक्षक भिंती काढल्या. सगळे नकाशे वरून ठरून यायचे, मी फक्त रेघा सरळ ओढायचो.

एका दुपारी वर सातपुड्यात, मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावर दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर दारात आल्या. मूळच्या केरळच्या, पण मराठी स्वच्छ. वादळात त्यांच्या छोट्या चर्चचे पत्रे उडाले होते, एक भिंतही पडली होती. नवीन बांधायचं होतं आणि नकाशा हवा होता.

"सिस्टर, मी चर्च आतून कधी पाहिलंसुद्धा नाही," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून एक कॅलेंडर काढलं. दर महिन्याला भारतातली एक बॅसिलिका. जुन्या गोव्याची तांबड्या दगडाची, वेळांकण्णीची पांढरीशुभ्र, आणि उत्तरेत सरधन्याला एका बेगमेनं बांधून घेतलेली, घुमट आणि मनोरे दोन्ही असलेली. मी विचारलं, "बॅसिलिका म्हणजे सगळ्यात मोठं चर्च का?"

"नाही हो. तो मान आहे. पोप देतात. मोठ्या चर्चला नसेल, लहानाला असेल." मग हसून म्हणाल्या, "आम्हाला मान नको, छप्पर हवं."

त्या गेल्या, पण कॅलेंडर माझ्याकडे राहिलं. नंदुरबारच्या वाचनालयातून एक जुनं वास्तुशास्त्राचं पुस्तक आणलं. त्यात होतं की बॅसिलिका हे मुळात देवघरच नव्हतं. रोमन लोकांची ती कचेरी होती. न्यायनिवाडा, सौदे, गर्दी सगळं तिथेच. मधला भाग उंच, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, पलीकडे बुटक्या पडव्या. ख्रिस्ती लोकांना एकत्र बसायला जागा हवी होती, त्यांनी तोच आकार उचलला. एवढं वाचून मला राहवेना. बायकोला म्हणालो, गोव्याला जाऊन येऊ. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता.

तिला समुद्र दाखवायचा राहिला बाजूला, मी तिला आधी जुन्या गोव्यात नेलं. तिथल्या बॅसिलिकेच्या समोरच्या भिंतीपुढे मी वही उघडली. गिलावा नसलेला उघडा जांभा, मजल्यावर मजला चढत गेलेला, खाली तीन दारं, वर गोल खिडक्या. एका बाजूला भिंतीला टेकू म्हणून मोठमोठे दगडी धिरे दिलेले. आत गेलो तर खांबांच्या रांगाच नाहीत, एक सलग दालन आणि समोर सोन्याचा मुलामा दिलेली वेदी. म्हणजे मान बॅसिलिकेचा, आकार मात्र पुस्तकातला नाही. मी वहीत भराभर मापं लिहीत होतो. बायको बाहेरच्या दाराच्या चौकटीवरून हात फिरवत म्हणाली, "अहो, हाऊ ते आपला काळा दगड शे!"

खरंच. जांभ्याच्या भिंतीत नक्षीला काळा बसाल्ट होता. तिथल्या गाइडनं सांगितलं, हा दगड वसईहून जहाजानं आणलेला. आमच्या विहिरी ज्या दगडात फोडतात तोच. दुसऱ्या दिवशी समुद्र पाहिला, पण माझं मन त्या भिंतीवरच होतं.

घरी येऊन महिनाभर मी नकाशा काढला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या मनाचा. समोर गोव्यासारखी उंच भिंत, वर त्रिकोणी शिखर, तीन दारं. सिस्टरना तो आवडला. बांधणारा गवंडी पाड्यावरचाच होता, सत्तरीचा एक पावरा आदिवासी म्हातारा. तो चर्चमध्ये जाणारा नव्हता, त्याचे देव डोंगरातले. पण दगडाला त्याच्यासारखा हात त्या भागात दुसऱ्या कुणाचा नव्हता. गुजरातेत बांधकामावर राबून मराठी-गुजराती मिसळून बोलायचा.

मी मोलगीहून जीपनं आणि पुढे पायी वर गेलो. चर्चच्या पडक्या जोत्यावर, सिस्टरच्या देखत, त्याच्यापुढे नकाशा पसरला. तो उकिडवा बसला.

"भाऊ, छप्पर कुठे?"

मी पत्र्याची रेघ दाखवली.

"मग ही भिंत त्याच्या वर एवढी कशाला? मागे तर कायच नाही."

"दिसायला," मी म्हणालो.

त्यानं दरीकडे हात केला. "वारा तिकडून येतो. ही उभी राहील एकटी. मागच्या वेळी पत्रे उडाले. आता भिंत माणसांवर येईल."

माझे कान तापले. संरक्षक भिंती काढण्यात हयात गेली आणि वाऱ्याचा विचार मला एका म्हाताऱ्यानं शिकवावा! मी नकाशा गुंडाळायला लागलो, तेव्हा तो म्हणाला, "जेवून जा. घर इथेच आहे."

त्याच्या घरात शिरलो आणि जेवणाकडे माझं लक्षच लागेना. मध्ये सागाच्या उंच खांबांच्या दोन रांगा, दोन्ही बाजूंना उतरत गेलेलं कौलांचं छप्पर, कडेला बुटक्या पडव्या. एकीकडे गुरं, दुसरीकडे धान्याच्या कणग्या. कुडाच्या भिंती. पुस्तकात वाचलेली रोमन बॅसिलिका मी ज्वारीची भाकरी हातात धरून बघत होतो.

"बाबा, हे घर वाऱ्यात हललं कधी?"

"हललं ना. पडलं नाही."

तिथेच जुन्या नकाशाच्या कोऱ्या पाठीवर मी नवा नकाशा काढायला घेतला. मधे सागाचे उंच खांब, कडेला उतरती छपरं, मधल्या आणि कडेच्या छपरांमध्ये उजेडासाठी जाळीची पट्टी. शिखर नाही. दारं मात्र तीनच ठेवली, चौकटी काळ्या दगडाच्या. म्हातारा प्रत्येक रेघेला बोट लावून विचारायचा आणि दोनदा त्यानं मला खोडायला लावलं. बरोबर जेवायला आलेल्या सिस्टर म्हणाल्या, "आता हे आमचं वाटतं."

पावसाळ्याआधी बांधून झालं. चौकटी त्यानंच घडवल्या. पहिल्या प्रार्थनेला आम्ही नवराबायको गेलो. जाळीतून आलेला उजेड बसलेल्या माणसांच्या डोक्यावर पडला होता. कुणी काय म्हणत होतं ते मला कळत नव्हतं, तरी मी शेवटपर्यंत बसलो. त्या वर्षीचा वारा आला नि गेला, एक पत्राही सुटला नाही.

यंदा होळीनंतर म्हाताऱ्यानं निरोप धाडला. मुलगा जुनं घर पाडून सिमेंटचं बांधणार होता. "त्याचं खरं आहे," तो मला म्हणाला, "घरासाठी एवढं लाकूड आता परवडत नाही. पण पाडायच्या आधी हे कागदावर काढून दे." मी दोन दिवस त्याच्याकडे राहिलो. टेपचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं मी, आणि आम्ही एकेक खांब मोजला.