चाकणचा टेम्पो आणि ब्रेकमधली हवा

चाकणच्या ठाण्याच्या आवारात लावलेला तो निळा टेम्पो मी अजून विसरलेले नाही. मी तेव्हा सहायक फौजदार होते. शिक्षण सातवी, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तरी त्या गुन्ह्याचा तपास लागला तो माझ्यामुळे, हे स्पष्ट लिहिते.

सकाळच्या शिफ्टच्या वेळी टेम्पो उतारावरून थेट कंपनीच्या बसथांब्यात घुसला. एका कामगार बाईचा पाय मोडला. चालक लातूरकडचा, तिशीतला. त्याच्यावर निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल झाला. तो एकच सांगत होता, "मॅडम, पेडल खाली गेलं. पायाला काही लागलंच नाही."

गाडीचा मालक गावातला वजनदार माणूस. तो म्हणाला, "मोबाईल बघत आसंल. ब्रेकला काय न्हाई झालेलं."

तपास एका तरुण उपनिरीक्षकांकडे होता. त्यांनी टेम्पोत बसून पेडल चार वेळा दणादण दाबलं.

"मावशी, पेडल दगड आहे दगड. खोटं बोलतोय गडी."

'ब्रेक सुस्थितीत' असं ते पंचनाम्यात लिहिणार होते. तसं लिहिलं गेलं असतं तर चालकाचं लायसन्स गेलं असतं, नोकरी गेली असती, आणि वर शिक्षा.

मी थांब्यावर चौकशीला गेले. समोरचा चहावाला हळूच म्हणाला, "बाई, माझं नाव घेऊ नका. कालच त्या टेम्पोची ब्रेकची नळी बदलली. पलीकडच्या गॅरेजात." मालकानं हे लपवलं होतं.

माझे यजमान भोसरीत गॅरेज चालवायचे. माझ्या सुट्टीच्या दिवशी ते गाडीखाली आणि मी पेडलवर. "दाब. धर. मी सांगेपर्यंत सोडू नको." वीस वर्षं हेच ऐकलं. नळी बदलली की तेलात हवा शिरते. ती पुरती काढली नाही तर पेडल पोकळ जातं. मात्र भराभर दाबलं की तेच पेडल कडक लागतं.

ठाण्यात परतून मी उपनिरीक्षक साहेबांना म्हटलं, "पंधरा मिनिटं कोणी हात लावायचा नाही." मग म्हटलं, "आता एकदाच दाबा."

पेडल तळाला टेकलं. साहेबांनी पाय उचलला.

"दाबत राहा. तिसऱ्या वेळी तुमचा दगड येईल."

आला.

त्या गॅरेजातल्या मेकॅनिकला बोलावलं. तो सरळ बसला होता, उत्तरं पाठ केल्यासारखी.

"नळी बदलली?"

"व्हय."

"हवा काढली?"

"काढली की."

"पेडलवर कोण बसलं होतं?"

तो म्हणाला, "एकटाच होतो. ज्याची नळी बदलली त्याच चाकाचा हवा काढायचा निपल उघडून तेल गळू दिलं. पेडलला भराभर पंप मारून बघितलं, कडक लागला."

"पहिल्या दाबाला किती गेलं?"

"पहिला कोण बघतं, ताई? सगळे पंप मारूनच गाडी देत्यात." त्यानं पुढचंही सांगितलं. "डायव्हर कुरकुरत व्हता. मालक म्हणाले, माल थांबलाय, पंप मारत मारत ने."

मालकाला समोर बसवलं. मेकॅनिकचा जबाब वाचून दाखवल्यावर त्याचा मोबाईलचा मुद्दा तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी आरटीओचे निरीक्षक आले. आधी त्यांनी गाडी आहे तशी तपासून नोंद केली. मग त्यांच्या आणि पंचांच्या समोर हवा काढली. पेडलवर मी बसले, गणवेशातच. हवालदार हसत होते, हसू दिलं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेलाच्या बाटलीत सोडलं. मी दाबून धरलं, निपल उघडला आणि बाटलीत बुडबुड बुडबुडे निघाले. निपल घट्ट केल्यावरच मी पाय उचलला. पेडलला सगळ्यात लांब असलेल्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकं केली. त्यानंतर ब्रेक पहिल्याच दाबाला लागला. हवालदारांचं हसणं थांबलं होतं.

दोषारोपपत्रात मालक आणि मेकॅनिक गेले. चालक सुटला, पण मी त्यालाही सोडलं नाही. "पेडल पोकळ आहे हे कळल्यावर गाडी हलवायची नाही. मालक ओरडला तरी नाही. त्या बाईचा पाय तुझ्याच गाडीखाली मोडला."

त्या माणसानं पहिल्याच मिनिटाला खरं सांगितलं होतं. आम्ही ते लिहून घेतलं नाही, कारण आमच्या पायाला पेडल कडक लागलं. आरोपीनं सांगितलेलं आधी त्यानं सांगितलं तसंच तपासून बघायचं, हे मी यातून शिकले. मी निवृत्त होईपर्यंत त्या ठाण्यात अपघाताच्या प्रत्येक पंचनाम्यात 'पहिल्या दाबाला ब्रेक लागला किंवा नाही' ही ओळ लिहिली जायची. ती ओळ माझी आहे.