सर्कल ‘मान्य’ म्हणेपर्यंत

एसटीच्या तिकिटाची मागची बाजू वाचणारा माणूस तुम्ही पाहिला आहे? मी पाहिला आहे. तो माझा सासरा होता. कर्जतच्या स्टँडवर प्रवाशांसाठी लावलेल्या सूचनांचा फलक वाचून होईपर्यंत एकदा त्यांची गाडी निघून गेली. घरी येऊन ते सासूबाईंना म्हणाले, "गाडी काय, दुसरी येती. तिसऱ्या सूचनेत चूक हाय, ती कोन दुरुस्त करनार?"

महसूल खात्यातून सर्कल इन्स्पेक्टर म्हणून ते निवृत्त झाले होते. गाव त्यांना सर्कल म्हणे, आणि बघता बघता घरही म्हणू लागलं. सासूबाईसुद्धा "सर्कल जेवायला बसलेत" असं सांगत. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, सही करणारे आणि अंगठा देणारे. यात शिक्षणाचा काही संबंध नव्हता. "न वाचता क्येलेली सही म्हंजे अंगठाच, जावईबापू. फकस्त वळनदार." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत. मी कॉलेजात भूगोल शिकवत असे आणि माझी सही फार वळणदार होती.

निवृत्तीनंतर ते नगरला आमच्याकडे राहायला आले, त्याच सुमारास मी घरी संगणक घेतला. कॉलनीतला पहिला. शेजारीपाजारी दर्शनाला येत आणि मी पुजाऱ्यासारखा कापड बाजूला करत असे. एकदा मी त्यात एक नवा प्रोग्राम भरत होतो. पडदाभर बारीक मजकूर आला, मी खालच्या ‘मान्य’वर टिचकी मारली आणि पुढे गेलो. मागे खुर्ची करकरली.

"काय हुतं त्यात?"

"काही नाही, नेहमीचंच."

"न्हेमीचं म्हंजे वाचल्यालं का न वाचल्यालं?"

"सर्कल, ते जगात कुणीच वाचत नाही."

"व्हय? शेजारी बांध कुठवर सरकावतोय, तेबी कुनी वाचत न्हाई. म्हनून तर सरकार आमाला पगार देत हुतं." मग माऊसकडे हनुवटी करून म्हणाले, "आता उंदराचाबी अंगठा घेत्यात वाटतं."

त्यांच्या या वाचनाच्या सोसाच्या आड पुढे त्यांचेच डोळे आले. काचबिंदू निघाला. बारीक अक्षर गेलं, मग पेपरचा मथळा पुसट झाला. सर्कल तक्रार करणाऱ्यांतले नव्हते, पण सकाळी पेपर हातात धरून नुसते बसायचे, आणि पान मात्र वेळच्या वेळी उलटायचे. ते बघून माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरात निघून जाई.

कॉलेजात ऐकलं की संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीत पडद्यावरची अक्षरं बोराएवढी करता येतात. झालं! माझ्यातला कर्तबगार जावई जागा झाला. जुनं मशीन मी बेलापूरच्या साडूला देऊन टाकलं, तेही मोठ्या मनाचं भाषण करून. स्वतःसाठी नगरच्या एका बोळातल्या दुकानातून सुटे भाग जुळवलेलं नवं मशीन आणलं. तो दुकानदार म्हणाला, "सर, सगळं टाकून देतो." त्या काळी सगळे सगळंच टाकून देत, नक्कल करून, फुकट. सोबत आलेल्या सर्कलनी विचारलं, "टाकून म्हंजे कुनाचं?" दुकानदार हसला. सर्कल हसले नाहीत. "चोरलेल्या चष्म्यातनं मला न्हाई वाचायचं," असं म्हणून ते सरळ रिक्षात जाऊन बसले.

मग मी पुण्याला जाऊन नव्या आवृत्तीची रीतसर पेटी विकत आणली. दोन प्रकारच्या पेट्या होत्या. मी अर्थातच स्वस्तातली निवडली, आणि महागडी घेणाऱ्या शेजारच्या गिऱ्हाइकाकडे कीव आल्यासारखं बघितलंही. घरी येऊन चकती घातली, तर पडदा म्हणाला, आधीच्या आवृत्तीची मूळ डिस्क दाखवा. मी विजयी मुद्रेनं कपाट उघडलं. मशीन साडूला दिलं होतं, पण त्याच्याबरोबर आलेल्या फ्लॉप्या मी चतुराईनं ठेवून घेतल्या होत्या.

"थांबा," सर्कल म्हणाले. "त्याच्यावरचं वाचा. आन् पेटीतला कागदबी. मोठ्यानं."

अख्खी दुपार मी परवान्याचं पारायण केलं. इंग्रजी वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, शंका आल्यास पुन्हा वाचायचं. शेवटी सर्कलनी डोळे मिटून निकाल दिला.

"तीन जाती हायेत बगा. पुरी पेटी म्हंजे बैलजोडी. या रानातनं सोडा, त्या रानात जुपा, तुमची मर्जी. मशिनीबरुबर आल्याली म्हंजे सामायिक हिरीवरची पान्याची पाळी. रान दिलं की पाळीबी गेली. आन् ही तुमची सस्तातली म्हंजे कलम. खाली खुंट लागतो. तुमी कलम आनलंय, आन् खुंट बेलापूरला."

"पण फ्लॉप्या माझ्याकडे आहेत ना! घातल्या की चालू होईल. कोण बघायला येतंय?"

"जमीन साडूच्या ताब्यात आन् सातबारा तुमच्या कपाटात. आसं करनारी लई मानसं मी बगितली, बापू. समद्यांची कपाटं चांगली हुती."

मी चिडलो. "अहो, हे सगळं तुमच्याच डोळ्यांसाठी चाललंय!"

"म्हनूनच," ते म्हणाले. "डोळं माझं हायेत."

सुनंदा दारात उभी होती. तिनं बापाला समजावलं नाही, मलाच म्हणाली, "जा बेलापूरला."

तर मी बेलापूरला गेलो. कोरं करकरीत, वेगवान मशीन साडूच्या टेबलावर ठेवलं आणि त्याला दिलेलं माझंच जुनं, धापा टाकणारं धूड टेम्पोत घालून परत आणलं. साडूला वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला. पण त्यानं मला अडवलं मात्र नाही.

खुंटावर कलम बसलं. पडद्यावर बोराएवढी अक्षरं उमटली, एकेक ओळ डुलत डुलत. मी मशीनच्या वेगाला शिव्या घालत होतो, तर सर्कल म्हणाले, "आसू द्या. माझी नजर तरी कुटं पळतीय?" सुनंदा पेपरातल्या बातम्या, सरकारी नियम टंकून द्यायची. पण सर्कलनी सगळ्यात आधी वाचला तो परवानाच. पडद्याला नाक लावून, अडलं की सुनंदाला अर्थ विचारत, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मग मला हाक मारली. "जावईबापू, एका ठिकानी अर्थ चुकीचा सांगितला हुता तुमी." त्या आठवड्यात ते फार खुशीत होते.

बोराची अक्षरंही पुढे त्यांना पुरेनात. डॉक्टरांनी उरलेली नजर टिकवण्यासाठी ऑपरेशन सुचवलं. दवाखान्यात संमतीचा कागद आला. डॉक्टर घाईत होते, मीही घाईत होतो. मी भराभर वाचत गेलो, एका ओळीशी अडखळलो आणि तिच्या पुढची वाचू लागलो.

"मधली वळ खाल्ली," पलंगावरून आवाज आला. "तुमचा आवाज उडी मारून फुडं ग्येला. वाचा."

मी वाचली. आहे ती नजरही जाऊ शकते, असं त्या ओळीत होतं. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघायचं सोडलं. सर्कलनी मान माझ्याकडे वळवली.

"पुन्यांदा वाचा."

पुन्हा वाचली.

"मान्य."

त्यांनी पेन धरलं, पण सहीची रेघ त्यांना सापडेना. पेन कागदाबाहेर चादरीवर गेलं. मी म्हणालो, "सर्कल, मी हात धरतो."

"तुमचा हात? न वाचता चालनारा?" त्यांनी पेन माझ्याकडे दिलं आणि नर्सबाईंच्या दिशेनं मान वळवली. "बाई, शाईचं प्याड आना."

डावा अंगठा त्यांनी स्वतः शाईत बुडवला, कागदावर दाबला आणि मग माझ्यासमोर धरला.

"बगून ठिवा, जावईबापू," ते म्हणाले. "सही ह्येला म्हनत्यात."