आंबटची जागा

पोराचे दोन्ही खांदे धरून त्याला जरा डावीकडे, जरा उजवीकडे सरकवायचं, मग दोन पावलं मागे येऊन मान तिरकी करून विचारायचं, "नजर कुठाय?" गुरुजी म्हटलं की मला आधी हेच आठवतं. पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला आमची दोनशिक्षकी शाळा होती. मी पहिली-दुसरीला शिकवायचो, ते तिसरी-चौथीला. सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. खोली एकच, त्यामुळे एकाला वर्ग घेऊन बाहेर बसावं लागे, आणि ते आपणहून बाहेर बसत. चिंचेच्या झाडाखाली.

विशेषण शिकवायचं म्हणजे फळ्यावर व्याख्या लिहायची आणि पोरांकडून घोकून घ्यायची, असं मी तरी करत आलो होतो. तुमच्याही मास्तरांनी तेच केलं असणार. गुरुजींनी पोरांनाच शब्द करून टाकलं. कोणी 'चिंच', कोणी 'झाड', कोणी 'आहे'. रांगेत उभं राहायचं आणि आपली पाळी आली की आपला शब्द मोठ्याने म्हणायचा. विशेषणाचं पोर कधी नामाच्या आधी उभं राही, कधी पलीकडे जाऊन 'आहे'च्या शेजारी. आधी असलं तर त्याने नामाचा हात धरायचा. पलीकडे गेलं की हात सुटायचा, पण तोंड नामाकडेच ठेवायचं.

"पलीकडं गेलास म्हणून काय झालं? कोणाबद्दल बोलतोयस ते विसरायचं नाही. नजर कुठाय?"

शब्द वाटताना त्यांचा खोडसाळपणा चाले. वर्गातलं सगळ्यात बुटकं पोर 'उंच' होतं. सरपंचांचा गुबगुबीत मुलगा 'चिंच' होता. आणि 'आंबट' होती ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एक काटक, भांडखोर पोरगी, चौथीतली. तिचं खरं नाव हजेरी घेण्यापुरतं उरलं. आडावर बायका तिला आंबट म्हणत, आईसुद्धा म्हणे. तिला त्याचा राग नव्हता. उलट दुसऱ्या कोणी तो शब्द उच्चारला की तिचं डोकं फिरायचं. "आंबट मी हाय. तू तुझं बघ."

"आंबट चिंच" म्हणताना ती सरपंचांच्या पोराचा हात असा करकचून धरायची की ते बिचारं कळवळायचं. मग गुरुजी तिला पलीकडे सरकवायचे. "चिंच आंबट आहे" होईपर्यंत ती त्याच्याकडे अशी डोळे वटारून बघायची की चिंच मान खाली घालायची आणि सगळा वर्ग हसायचा. मीसुद्धा आत पाढे थांबवून हसत असे.

दसरा झाला की आमच्या गावातली निम्मी घरं बंद व्हायची. माणसं बैलगाड्यांत बिऱ्हाड भरून पुणतांब्याकडे, गोदावरीच्या काठच्या उसाच्या फडांत तोडीला जात आणि उन्हाळ्यात परत येत. पोरं अर्थातच बरोबर. वर्ग असा गळायचा याची मला सवय झाली होती. गुरुजींना होत नव्हती. त्यातून आंबटचं हे चौथीचं वर्ष. परीक्षा हुकली तर ती पुन्हा शाळेत येणार नाही, एवढं त्यांना पक्कं कळत होतं. तेवढे पाच-सहा महिने तिला गावात कसं ठेवायचं, याच्यावाचून त्यांना त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं.

निघायच्या सकाळी ते मला ओढत तिच्या घरी घेऊन गेले. दारात गाडी भरत होती. आंबट धाकट्या भावाला कडेवर घेऊन चाकाशी उभी होती आणि आमच्याकडे बघायचं टाळत होती.

"पोरगी माझ्या घरी राहील," गुरुजी म्हणाले. "माझ्या पोरींत एक. परीक्षा झाली की स्वतः आणून सोडतो."

"तुमच्या घरची काळजी न्हाई वो गुर्जी," आई म्हणाली. "पन मी मोळ्या बांधायच्या का ह्याला धरायचं? त्याला दिवसभर हीच लागती."

गुरुजींनी बापाकडे पाहिलं. तो गाडीवर चढून दोर ओढत होता.

"लई चांगलं सांगता तुमी," तो वरूनच म्हणाला. "आमाला काय कळत न्हाई व्हय? पन करावं काय? जरा त्या टोकाला हात लावता का?"

गुरुजींनी दोराला हात लावला. मग दुसऱ्या बाजूनेही लावला. समजूत घालायला गेलेला माणूस गाडीचा दोर आवळून परत आला. शाळा दिसायला लागल्यावर म्हणाले, "गाठ चांगली बसली, नाही?" मी हो म्हणालो.

त्यानंतर रांगेत एक रिकामी जागा आली. गुरुजींनी 'आंबट' हा शब्द दुसऱ्या कोणाला दिला नाही. पोरं रांग लावताना तेवढी जागा सोडत. तिच्यावर पाळी आली की सगळे गप्प राहत, आणि मग सरपंचांचं पोर मोकळा हात तसाच पुढे धरून "चिंच" म्हणे.

तपासणीला साहेब आले तेव्हाही तेच झालं. साहेब भला माणूस होता.

"इथं कोण आहे?"

"आंबट आहे साहेब. तोडीला गेली आहे."

"मग दुसरीला उभी करा की."

"तशी दुसरी नाही साहेब," गुरुजी म्हणाले.

साहेब हसले. जाताना एवढंच म्हणाले की जी पोरं येणार नाहीत त्यांची नावं कमी करून टाका. गुरुजी बरं म्हणाले आणि त्यांनी काही केलं नाही. पण नाव ठेवून तरी काय होणार होतं? परीक्षा व्हायची तेव्हा झाली, तिच्याशिवाय झाली. लगेच गुरुजींची जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोल्याला बदली झाली. मी त्यांची ट्रंक घेऊन एस.टी.पर्यंत गेलो. गाडी सुटता सुटता ते म्हणाले, "ती आली तर..."

गाड्या परतल्या त्याच आठवड्यात ती शाळेत आली. रापलेली, हडकलेली, कडेवर धाकटा. सुट्टी लागली होती. मी खोलीला कुलूप लावत होतो.

"गुर्जी कुठं हायेत?"

"बदली झाली त्यांची. अकोल्याला."

"लांब हाय का?"

"लांब आहे."

ती चिंचेखाली गेली आणि बरोबर आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. "माझी जागा कुनाला दिली?"

"कुणालाच नाही."

"मंग माझ्यावर पाळी आल्यावर काय म्हनायचे?"

"काही नाही. गप्प राहायचे."

तिला ते खोटं वाटलं असावं. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग तिने तोंड वळवलं आणि चिंच जिथे उभी राहायची तिकडे बघत राहिली. जूनमध्ये ये, असं काहीतरी मी म्हणालो असेन. धाकटा रडायला लागला. तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती घरी गेली.