समालोचकांचा माफीनामा

कचेरीसमोरच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात बसून कुस्तीचे समालोचक काका चहाचंही समालोचन करतात: ‘पहिला घोट, साखर चितपट, पत्ती छातीवर बसलीय!’

अकलूजच्या कुस्तीत ‘पंचांनी डोळे झाकून निकाल दिला’ असं थेट प्रक्षेपणात बोलले, म्हणून सरकारी रेडिओनं त्यांना काढलं. माफी लिहून दिली तर परत घेणार होते.

परवा माफीनामा टाइप करायला आणला आणि मैदानी आवाजात वाचलाही. तीन ओळी दिलगिरी. खाली एकच ओळ: ‘पैलवानाची पाठ टेकली नव्हती, हे मी पाहिलं.’

‘काका, ती शेवटची ओळ खोडा की. नायतर घेणार न्हाईत तुमाला.’

‘व्हय, खरंय.’

पेन मागून त्यांनी वरच्या तिन्ही ओळी खोडल्या.

‘एवढंच टाइप कर,’ पहिल्यांदाच साध्या आवाजात म्हणाले.